ऑनलाइन व्यावसायिक समुदायात उतरायची असाइनमेंट: ती कशासाठी असते आणि कुठे बिघडते

घरात कोणी एम.ए., एम.एससी. किंवा ग्रंथालयशास्त्राचं एम.लिब. करत असेल, तर इंटर्नल मार्कांच्या कागदावर हल्ली अशी एक ओळ दिसू शकते: ‘आपल्या विषयाच्या एखाद्या ऑनलाइन व्यावसायिक समुदायात सत्रभर सहभागी व्हा आणि अहवाल सादर करा.’ बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत ही ओळ वाचून आईवडिलांच्या कपाळाला आठी पडली, तर नवल नाही. फी भरून विद्यापीठात पाठवायचं, आणि मार्क कशाचे, तर इंटरनेटवर अनोळखी लोकांशी बोलण्याचे? विद्यार्थीही गोंधळतात. खातं उघडायचं, दोन ठिकाणी ‘छान माहिती, धन्यवाद’ लिहायचं, स्क्रीनशॉट काढायचा आणि सबमिशन उरकायचं, एवढाच अर्थ बऱ्याच जणांना लागतो.

माझं मत आधीच सांगतो. ही असाइनमेंट मुळात चांगली आहे. पण ती त्या समुदायाच्या उपयोगाची असेल, तरच विद्यार्थ्याच्या उपयोगाची ठरते. नुसत्या मार्कांसाठी केली, तर विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही आणि पलीकडे बसलेल्या माणसांना निस्तरत बसावं लागतं.

समुदाय म्हणजे कोण?

व्यावसायिक ऑनलाइन समुदाय म्हणजे एकाच पेशातली माणसं जिथे एकमेकांच्या कामातल्या अडचणी सोडवतात किंवा मिळून एखादं काम पुढे नेतात, अशी इंटरनेटवरची जागा. प्रोग्रॅमिंगवाल्यांसाठी २००८ पासून स्टॅक ओव्हरफ्लो आहे, संशोधन करणाऱ्या गणितज्ञांसाठी २००९ पासून मॅथओव्हरफ्लो. भूगोलवाले आणि नकाशावाले ओपनस्ट्रीटमॅपवर सगळ्या जगाचा नकाशा मिळून काढतात. ग्रंथपालांचं ‘कोहा’ आहे. कोहा म्हणजे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर. ते न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालं आणि २००० च्या सुरुवातीला वापरात आलं. आज ते जगभरच्या ग्रंथालयांत आहे, भारतातही पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ते सुधारण्याचं काम वेगवेगळ्या देशांतले ग्रंथपाल आणि प्रोग्रॅमर मिळून करतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपेक्षा हे वेगळं आहे. ग्रुपवरचं बोलणं वर सरकतं आणि हरवतं. इथे विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर सगळ्यांना दिसतं, वर्षानुवर्षं राहतं, आणि उद्या तीच अडचण आलेला माणूस ते शोधून वाचतो. म्हणून इथे लिहिताना समोरच्या एका माणसाचा विचार करून भागत नाही, मागून येणाऱ्यांचाही करावा लागतो.

बडोद्याला तर ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. पण वर्गावर भागलं नाही. १९१२ पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसलेनी’ हे त्रैमासिक निघू लागलं, आणि तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. वर्ग होता, शिक्षक होते, तरी पेशातल्या माणसांना एकमेकांशी बोलायला जागा लागते हे त्या लोकांनी ओळखलं होतं. आजच्या एम.लिब.च्या विद्यार्थ्याला दिलेली असाइनमेंट त्याच गरजेपोटी आली आहे, फक्त अंकाची वाट बघत तीन महिने थांबावं लागत नाही.

मग सरांनी वर्गातच का शिकवू नये?

वर्गात शिकवतातच. पण काही गोष्टी वर्गात शिकवता येत नाहीत. प्रश्न कसा विचारायचा, कोणाचं म्हणणं वजनदार मानायचं, मतभेद झाला तर कुठवर ताणायचं, कुठली चूक लहान आणि कुठली गंभीर, हे पेशातली माणसं काम करताना पाहूनच कळतं.

यावर अभ्यास झालेला आहे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये एक मांडणी केली. माणूस पेशा शिकतो तो कडेकडेने, म्हणजे आधी किरकोळ पण खरी कामं करत, आणि हळूहळू मधल्या कामाकडे सरकत. लेव्हबाईंनी आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या हाताखाली शिकणारी मुलं पाहिली होती. तिथे नव्या मुलाला आधी बटणं लावायला, कडा शिवायला बसवत. मग शिवण, आणि कापडाला कात्री लावायचं काम सगळ्यात शेवटी. कडेची शिवण बिघडली तर उसवता येते, कापड चुकीचं कापलं तर वाया जातं. मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून खऱ्या कपड्यावर, खऱ्या दुकानात काम करत असे.

आपल्याकडे भजनी मंडळात हेच चालतं. नवा माणूस मागे बसतो, टाळ धरतो, ठेका चुकला तर शेजारचा नुसता पाहतो. अभंग उचलायची पाळी पुढे येते, आणि ती कोणी मागून घेत नाही, मंडळीच देतात.

यातून असाइनमेंटबद्दल एक गोष्ट सरळ निघते. पहिल्याच आठवड्यात ‘तीन उत्तरं द्या, पाच प्रतिक्रिया नोंदवा’ असं सांगणं म्हणजे नव्या मुलाच्या हातात कात्री देणं आहे. सुरुवातीचे काही आठवडे नुसतं वाचायला द्यावेत, आणि त्या वाचनाला मार्क असावेत. नुसतं वाचणं म्हणजे अंग चोरणं, असा समज आहे तो चुकीचा. संगणकतज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण सांगितलं होतं: अशा ठिकाणी शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक लेखन एकाच्याच हातून होतं. आकडा सगळीकडे असाच भरेल असं नाही, पण वाचणारे बहुसंख्य असतात हे नक्की.

एक उदाहरण जवळून पाहू

समजा, एम.लिब.ची एक विद्यार्थिनी कोहाच्या समुदायात गेली. प्रोग्रॅमिंग येत नाही. मग तिने तिथे द्यायचं काय?

‘दऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा, आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली नुक्ता असलेलं ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणक अक्षराचं चित्र बघत नाही, आतले आकडे बघतो, आणि ते दोन्हींत वेगळे असतात. ग्रंथपालाने पुस्तकाचं नाव एका तऱ्हेने नोंदवलं आणि वाचकाने मोबाइलच्या कीबोर्डवरून दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर शोधयंत्रणेची मांडणी या दोहोंना एक मानणारी नसेल तेव्हा उत्तर येतं: ‘पुस्तक सापडले नाही’. पुस्तक कपाटात असतं. वाचक परत जातो. ‘वाऱ्यावर’, ‘खऱ्या’, ‘दुसऱ्या’ असे शब्द मराठी शीर्षकांत किती असतील याचा विचार करा.

ही अडचण न्यूझीलंड किंवा फ्रान्समधल्या प्रोग्रॅमरला आपणहून दिसणं कठीण आहे. मराठी वाचणाऱ्या मुलीला ती दिसते. आता ती समुदायापुढे कशी नेते, त्यावर सगळं अवलंबून आहे.

‘मराठी शोध नीट चालत नाही, कृपया लवकर मदत करा, उद्या सबमिशन आहे’ असं लिहिलं, तर कोणी काही करू शकत नाही. काय चालत नाही, कुठे, कुठल्या आवृत्तीत, कशाचाच पत्ता नाही.

तिने आधी जुन्या चर्चा धुंडाळल्या, हीच तक्रार कोणी नोंदवली आहे का पाहिलं, तर निम्मं काम होतं. असेल, तर नवी तक्रार न करता तिथेच आपली भर घालायची. नसेल, तर कोहाच्या चाचणीसाठी ठेवलेल्या प्रती ब्राउझरमधून वापरता येतात, तिथे दोन खोट्या नोंदी करायच्या, एक या तऱ्हेची, एक त्या तऱ्हेची, आणि दोन्ही शोधून पाहायचं. मग लिहायचं: कोहाची आवृत्ती ही. आतली शोधयंत्रणा झेब्रा की इलॅस्टिकसर्च, तेही सांगायचं, कारण कोहा दोन्हींवर चालतं. मी या दोन नोंदी केल्या, हे शोधलं, दोन्ही मिळायला हव्या होत्या, एकच मिळाली.

यावर पलीकडून बहुधा एक प्रश्न येईल: या दोघांना कायम एकच मानलं तर मराठीत कुठे अर्थ बदलतो का? त्याचं उत्तर त्या चर्चेत तिच्याइतकं खात्रीने दुसरं कोण देणार? मराठीत आडव्या रच्या या दोन्ही तऱ्हा एकच आहेत, पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांना एक मानून चालणार नाही, समुद्र वेगळा आणि डोंगरातली दरी वेगळी. इथे विद्यार्थिनीने घेतलं तेवढं दिलंही. अशा एका नोंदीसाठी मी पूर्ण मार्क देईन, मग तिने सत्रभरात दुसरं काही लिहिलं नसलं तरी चालेल.

बिघडतं कसं, याचे तीन दाखले

पहिला पुण्याचा. २०११ मध्ये तिथल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहायला सांगण्याचा प्रयोग झाला. हेतू चांगला होता. पण बऱ्याच विद्यार्थ्यांनी पुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे परिच्छेद जसेच्या तसे आणून टाकले. प्रताधिकाराचा भंग झालेला मजकूर शोधून काढणं स्वयंसेवकांच्या गळ्यात पडलं, आणि तो प्रयोग त्याच वर्षी बंद करावा लागला. यात एकट्या विद्यार्थ्यांना दोष देऊ नये. परीक्षेत पुस्तकातलं शब्दशः लिहिलं की मार्क मिळतात, हे ज्यांना बारावीपर्यंत शिकवलं, त्यांना इथे तीच गोष्ट गुन्हा ठरते हे आधी बसवून सांगायला हवं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. विकिपीडियावर अशी सूट धरून चालता येत नाही, उचललेला एक परिच्छेदही काढला जातो.

दुसरा दाखला २०२० चा. ऑक्टोबर महिन्यात एक अमेरिकी कंपनी मुक्त सॉफ्टवेअरसाठी मोहीम चालवते. मुक्त म्हणजे ज्याचा प्रोग्रॅम सगळ्यांना पाहता आणि सुधारता येतो असं. त्या वर्षी चार सुधारणा पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता. परिणाम असा झाला की कुठल्याही प्रकल्पाच्या माहितीपानावर ‘उत्तम प्रकल्प’ असे दोन शब्द घुसडून ती सुधारणा म्हणून पाठवणाऱ्यांचा पूर आला. फुकट वेळ देऊन प्रकल्प सांभाळणारी माणसं दिवसचे दिवस हा कचरा बाजूला करत बसली. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला: जे प्रकल्प आपणहून हो म्हणतील तिथलंच काम धरलं जाईल. असाइनमेंटमध्ये ‘किमान इतके’ असा आकडा लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. आकडा मागितला की आकडाच मिळतो.

तिसरा जास्त गंभीर. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या समुदायाला मुद्दाम दोष ठेवलेल्या सुधारणा पाठवल्या. तपासणाऱ्यांच्या ते लक्षात येतं का, हे त्यांना पाहायचं होतं. तपासणाऱ्यांना विचारलं नव्हतं. विद्यापीठाच्या नीतिसमितीला यात माणसांवरचा प्रयोग दिसला नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये लिनक्सच्या वरिष्ठ देखरेखकांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं काम घेणंच थांबवलं, आधी आलेल्या कामाचीही पुन्हा छाननी झाली, आणि संशोधकांना निबंध मागे घेऊन माफी मागावी लागली. ज्यांचा या प्रयोगाशी काही संबंध नव्हता, त्या विद्यार्थ्यांचंही काम अडकलं. लोक जिथे काम करत बसले आहेत, ती आपली प्रयोगशाळा नव्हे, म्हणून आधी विचारायचं.

‘आधी विचारायचं’ म्हणजे कोणाला विचारायचं?

बहुतेक समुदायांत मॉडरेटर असतात, म्हणजे शिस्त सांभाळणारे सभासद. शिक्षकाने त्यांना सत्राआधी कळवावं: माझे इतके विद्यार्थी येणार आहेत, त्यांना हे काम देणार आहे, चालेल का? ओपनस्ट्रीटमॅपची २०१८ पासून संघटित संपादनासाठी लेखी मार्गदर्शक तत्त्वं आहेत: काय करणार, कोणती खाती वापरणार, हे आधी जाहीर करा. इतर ठिकाणी असं लेखी असो वा नसो, तसंच वागावं. आणि हे शिक्षकाने करायचं, विद्यार्थ्यावर सोडायचं नाही. चाळीस विद्यार्थी एकाच रात्री एकाच जागी सारखेच प्रश्न घेऊन येणं हा त्या समुदायावरचा भार आहे, आणि ती रात्र बहुधा सबमिशनच्या आधीची असते.

आमच्या मुलांचं इंग्रजी कच्चं आहे, त्यांनी काय करायचं?

ही अडचण खरी आहे. गुजराती किंवा मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी लिहायला कचरतो. पण वरचं उदाहरण पुन्हा बघा. आवृत्ती, केलेली कृती, अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल, एवढं छोट्या सरळ वाक्यांत मांडता येतं, आणि अशा ठिकाणी अलंकारिक इंग्रजीपेक्षा तेच जास्त चालतं. दुसरं, इंग्रजीतच गेलं पाहिजे असं नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तिथे आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, मजकूर तयार करून मग लेखात घालता येतो. बडोद्यातल्या विद्यार्थ्याला मराठी आणि गुजराती दोन्ही वाचता येतात, ही तर भाषांतराच्या कामात जमेची बाजू आहे. शिक्षकाने असे पर्याय यादीत ठेवायला हवेत.

मुलीचं नाव सगळ्या जगासमोर कशाला?

आईवडिलांचा हा प्रश्न उडवून लावू नये. सार्वजनिक ठिकाणी लिहिलेलं परत घेणं कठीण असतं. स्टॅक ओव्हरफ्लोवर आणि विकिपीडियावर लिहिताना आपण तो मजकूर मुक्त परवान्याखाली देतो, उद्या मन बदललं तरी दिलेला परवाना मागे घेता येत नाही. विकिपीडियावर प्रत्येक पानाचा जुना इतिहासही सहसा सगळ्यांना पाहता येतो. प्रोग्रॅमिंगच्या प्रकल्पांत तर आणखी एक बारीक गोष्ट आहे: पाठवलेल्या प्रत्येक बदलाला नाव आणि ईमेल चिकटलेला असतो आणि तो सगळ्यांना वाचता येतो. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळावर खरा ईमेल झाकण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ती पहिलं काम पाठवण्याआधी चालू करायची, नंतर केली तर जुन्या नोंदींतला ईमेल तसाच राहतो.

टोपणनावाने खातं उघडायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. कोणतं खातं कोणाचं हे फक्त शिक्षकाला माहीत असलं की पुरे, ती यादी वर्गाच्या ग्रुपवर फिरू नये. आणि ज्याला किंवा जिला सार्वजनिक लिहायचंच नाही, तिला तेवढ्याच मार्कांचा दुसरा मार्ग हवा: एखादी जुनी लांबलचक चर्चा घेऊन तिचं विश्लेषण करणं. कारण विचारू नये. काही मुलींनी आधी ऑनलाइन त्रास सोसलेला असतो, आणि तो शिक्षकाला सांगण्याची सक्ती असाइनमेंटने करू नये.

एआयकडून लिहून घेतलं तर?

सरळ फसतं. चॅटजीपीटी आल्यावर काही दिवसांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोने त्याने लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी केली. उत्तरं दिसायला बरोबर, पण पुष्कळदा चुकीची, आणि तपासणारी माणसं मोजकी. भाषा सुधारायला मदत घेणं वेगळं, तेही त्या जागेचा नियम पाहून. जे आपल्याला स्वतःला तपासता येत नाही ते दुसऱ्यापुढे उत्तर म्हणून ठेवायचं नाही, हा नियम एआयच्या आधीही होता.

नोकरीला उपयोग होतो का?

होऊ शकतो, पण त्यासाठी ही असाइनमेंट करू नये. मुलाखतीत दाखवायला एक चांगली नोंद पुरते.

मार्क द्यायचे कसे, आणि कोणी उत्तरच दिलं नाही तर?

लाइक, समुदायात मिळणारे गुण, प्रतिसाद यांवर मार्क ठेवू नयेत. ते विद्यार्थ्याच्या हातात नसतात. स्टॅक ओव्हरफ्लोवर नव्या सभासदाला दुसऱ्याच्या चांगल्या उत्तराला मत द्यायलाही आधी १५ गुण कमवावे लागत, आणि कुठेही शेरा लिहायला ५०, असा नियम वर्षानुवर्षं होता. सत्र संपेपर्यंत तेवढे होतीलच असं नसे.

मी मार्क विद्यार्थ्याच्या रोजनिशीला देईन. कोणत्या चर्चा वाचल्या, त्यात तज्ज्ञांचं कशावरून जमलं नाही, आपला प्रश्न आधी कसा लिहिला होता आणि वाचल्यावर काय बदललं, हे तिच्यात तारखेनिशी हवं. कच्चा आणि पक्का असे दोन्ही मसुदे जोडायला सांगावेत. त्यांतला फरक पाहिला की शिकणं झालं की नाही ते कळतं, आणि तो फरक उसना आणणं कठीण असतं. मग दहा मिनिटांचा व्हायवा: हा शब्द का काढलास, ही चाचणी का केलीस.

उत्तर न येणं तर नेहमीचंच आहे. पलीकडची माणसं नोकऱ्या सांभाळून हे करतात, सुट्टीवर असतात, किंवा प्रश्नच अवघड असतो. म्हणून प्रश्न सत्राच्या मध्यापर्यंत मांडला गेला पाहिजे, शेवटच्या आठवड्यात नाही. दोन आठवडे थांबून काही नवी माहिती मिळाली असेल तर तीच चर्चा पुढे न्यायची. नुसतं ‘कोणी आहे का?’ असं लिहून ती वर आणायची नाही. आणि सत्र संपल्यावर उत्तर आलं, तर खातं बंद केलेलं नसावं. पलीकडचा माणूस विचारेल, ही दुरुस्ती करून पाहिली, आता ‘दऱ्या’ सापडतं का? तेव्हा मार्क लागून गेलेले असले, तरी तपासून हो किंवा नाही कळवणं विद्यार्थिनीचंच काम आहे.